भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून करायचं काय?

"देवावर भरवसा ठेव, सगळं नीट होईल." आपल्या ख्रिस्ती मंडळीत हे वाक्य उपासनेनंतर चर्चच्या दारात, हॉस्पिटलमध्ये, मयताच्या घरी, फोनवर, सगळीकडे ऐकू येतं. मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा मला ते रोज कुणी ना कुणी म्हणायचं आणि म्हणणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण घराचा हप्ता पाच तारखेला बँकेतून कापला जायचा, पोराची फी भरायची होती, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला लागायच्या, आणि माझ्या डोक्यात एकच चालायचं की भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय? नुसतं शांत बसायचं का? रडू आलं तर तो अविश्वास का? मिस्टरांनी ओळखीच्या चार लोकांना फोन केले तर देवाच्या कामात ढवळाढवळ झाली का?

आज हे सगळं नीट लिहून काढतेय, कारण आमच्या मंडळीत आत्ता दोन-तीन घरं त्याच परिस्थितीतून चाललीयेत आणि चाकण-भोसरी पट्ट्यात कंत्राटी कामाचं काय चाललंय ते इकडे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आपल्या सगळ्यांना पाठ असतो. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारात साठवत नाहीत तरी स्वर्गातला बाप त्यांना खायला देतो. पाखरांकडे पाहा असं येशू म्हणतो म्हणून मी खरंच पाहिलं, आमच्या गॅलरीसमोर बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. पहाटे उजेड फुटायच्या आधी बाहेर, दिवसभर शंभर खेपा, चोचीत किडा घेऊन आलं की पिल्लाच्या तोंडात टाकायचं आणि लगेच परत. देव खायला देतो हे खरं पण घरट्यात आणून टाकत नाही, आणि तरी त्या पाखराला उद्याची चिंता नाही. येशू कामाला नाही म्हणत नाही हो, चिंतेला नाही म्हणतो. त्याच अध्यायाच्या शेवटी उद्याची चिंता उद्यावर सोडलीये, म्हणजे आजचा दिवस आपल्या हातात दिलाय आणि आजच्या दिवसात काम आहेच.

काही भाऊबहिणी म्हणतात की विमा काढणं, थोडं बाजूला टाकणं हा अविश्वास. मला ते पटत नाही. निर्गमच्या पुस्तकात देवानं रानात रोज दिलेलं अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले, ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्याच ठिकाणी पुढे शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय आणि तो खराब झाला नाही हे सांगायचं राहून जातं. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावतो आणि ती बुद्धी देवानंच त्याला दिली असं शास्त्र स्पष्ट म्हणतं. नहेम्यानं यरुशलेमचा कोट बांधताना प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. एकाच वचनात दोन्ही आहे, चौथ्या अध्यायात, काढून बघा.

पण मला हे खरं कळलं ते पंडिता रमाबाईंमुळे. लहानपणापासून नाव ऐकलेलं, संडे स्कूलमध्ये त्यांचा फोटो असायचा, पांढरं लुगडं, कापलेले केस. त्यांच्याबद्दल नीट वाचलं मात्र मिस्टर घरी होते त्या महिन्यांत. ज्या बाईनं स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण अशी एकामागोमाग गमावली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही कॉलऱ्यानं गेला, त्या बाईला भुकेबद्दल कुणी शिकवायची गरज नव्हती. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवा मुलींसाठी शाळा आणि राहायची जागा, सुरू केलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं होतं. आता दहा वर्षांनी काय? रमाबाईंनी मुदत संपायची वाट पाहिली नाही. केडगावला, आपल्या दौंडच्या लाईनवर, जमीन घेतली आणि तिथे फळझाडं लावली, की पुढे त्याच्या उत्पन्नावर काम चालावं. माळरानावर विहिरी खणल्या. प्रार्थना तर त्यांची पहाटेपासून असायचीच. मला यात काही विरोध दिसत नाही, उलट मला वाटतं की ज्याला देव उद्याही असणार आहे याची खात्री आहे तोच झाड लावतो, कारण झाडाला फळ यायला वर्षं लागतात.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, रस्त्यावर पडलेल्या, नुसता सापळा राहिलेल्या मुली बघितल्या आणि त्यांना घेऊन आल्या. तेव्हाच पुण्यात प्लेग, शहरात इतक्या मुलींना ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या त्या जमिनीवर हलवलं, तंबू-झोपड्या उभारल्या. उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर असं मुक्ती सदन उभं राहिलं! १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि संख्या दीड हजाराच्या वर गेली. इतक्या तोंडांना रोज दोन वेळचं जेवण, विचार करा, आपल्याला घरात पाच माणसांचं करताना महिनाअखेर येते.

पैसा कुठून यायचा? रमाबाईंनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं आणि त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. म्युलरनं १८३६ पासून अनाथ मुलं सांभाळली, हजारो मुलं, आणि माणसापुढे हात पसरला नाही, गरज फक्त देवाला सांगितली. आपल्या उपदेशांत म्युलरची ही अर्धीच बाजू येते. दुसरी बाजू अशी की आलेल्या प्रत्येक दानाची तो पावती द्यायचा आणि दरवर्षी जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवायचा. पैसे देवानं पाठवलेत म्हणून तर हिशोब जास्त चोख पाहिजे ना! मुक्तीतही तेच, मुली नुसत्या बसून खात नव्हत्या, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेती, छापखाना, सगळं चालायचं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायचे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात मुलींनी छपाईचे खिळे (अक्षरांचे टाइप) जुळवून छापलं. दुष्काळात मरायला टाकलेल्या मुलींच्या हातांनी देवाचं वचन छापलं गेलं, मला हे वाचून अंगावर काटा आला होता आणि आत्ता लिहितानाही येतोय.

तर आमच्या घरी काय झालं. मी आधीपासून घरी शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाउज, पोरींचे फ्रॉक. ते वाढवलं. मिस्टर सकाळी माझ्याबरोबर वचन वाचायचे, प्रार्थना करायचे आणि मग बायोडाटा घेऊन बाहेर, दुपारी आले की माझे हूक-काजं करायला बसायचे, कारखान्यात मशीन चालवलेल्या माणसाच्या हाताला ती बारीक सुई धरवत नव्हती पण केलं त्यांनी. रात्री वहीत आलेला प्रत्येक रुपया लिहायचा आणि गेलेला पण. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठीचा दहावा भाग, पहिल्यांदा बाजूला. यावरून आमच्यात एकदा बोलणं झालं, की आत्ता उत्पन्नच नाही तर कशाचा दशांश, आणि आम्ही ठरवलं की जे शिलाईचं येईल त्याचा द्यायचा, कितीही लहान असो, कारण तोही त्यानंच दिलेला. मात्र हे मी कुणावर लादणार नाही. आणि टीव्हीवर, यूट्यूबवर जे सांगतात की अमुक रक्कम बी म्हणून पेरा, देव दसपट देईल, त्यापासून कृपा करून लांब राहा. अडचणीतल्या माणसाच्या भीतीवर तो धंदा आहे आणि माझ्या ओळखीच्या एका बहिणीनं त्यात कानातलं गमावलं. देवाला अर्पण प्रेमानं करायचं असतं, परताव्यासाठी नाही.

शिवणकामात विश्वास कुठे दिसतो माहितीये का, उरलेल्या कापडात. बाई ब्लाउजपीस देते, ऐंशी सेंटीमीटर, एक मीटर, कटिंग नीट बसवलं तर कडेचं चांगलं कापड उरतं. बऱ्याच ठिकाणी ते ठेवून घेतात आणि त्याचे पॅच, पोटली बटवे करून विकतात, गिऱ्हाईक विचारत पण नाही. मी पहिल्यापासून उरलेला तुकडा घडी करून ब्लाउजच्या आत ठेवून देते. त्या तंगीच्या दिवसांत एका लग्नाच्या ऑर्डरचं पैठणीचं, जरीचं कापड उरलं होतं, चांगले दोन बटवे झाले असते, आणि मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मग घडी घातली आणि ठेवला. देव माझ्या घराला पुरवील असं मी सकाळी म्हटलं होतं, तर दुपारी दुसऱ्याच्या कापडातून स्वतः पुरवून घेणं त्याच्यात बसत नव्हतं. मला वाटतं, आपला भरवसा आहे की नाही हे प्रार्थनेत नाही कळत, अशा जागी कळतं, जिथे कुणी बघत नसतं आणि थोडंसं सरकलं तर चालून जातं.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. "सगळं नीट होईल" असं शास्त्र प्रत्येक वेळी म्हणत नाही. दानीएलच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून आगीच्या भट्टीत टाकायला आणलेले ते तिघे तरुण राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांचा सगळा भरवसा त्या "नाही सोडवलं तरी" मध्ये आहे. हबक्कूक म्हणतो अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, आईचं सगळं काम पुढे न्यायला तयार झालेली, १९२१ मध्ये गेली, आईच्या आधी. रमाबाई पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेल्या आणि त्या मधल्या महिन्यांत भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. मग त्यांचा विश्वास कमी होता का? कुणी असं म्हणायची हिंमत करेल का? पण आपल्यात आजारी माणसाच्या उशाशी बसून हेच म्हणतात, विश्वास कमी पडतोय तुमचा. माझी मावशी कॅन्सरनं गेली, तिच्यासाठी उपवास प्रार्थना झाल्या, तेल लावून झालं, आणि शेवटी तिला एवढंच ऐकायला लागलं की कुठेतरी पाप लपलं असेल. ती बिचारी शेवटपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना करत होती. असं बोलणं बंद झालं पाहिजे, यात मला काही मधला मार्ग दिसत नाही. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, त्याला उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे.

आमची मदत आली ती बहुतेक वेळा माणसांच्या हातून आली, आणि सगळी माणसं मंडळीतली पण नव्हती. शेजारच्या काकू, त्यांच्याकडे गणपती बसतात, त्यांनी सोसायटीतल्या बायकांकडून ऑर्डरी मिळवून दिल्या, वर पोराच्या डब्यात रोज काहीतरी जास्तीचं टाकायच्या, आणि मी थँक्यू म्हटलं की रागवायच्या. मी त्यांना सांगितलं, काकू आम्ही प्रार्थना केली आणि देवानं तुम्हाला पाठवलं, तर म्हणाल्या बरं मग देवालाच सांग की माझे गुडघे पण बघ जरा. आता रोज बघायला सांगतेच मी.

याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे, भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे आणि तुम्ही नुसतं "सुखानं जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणालात तर काय उपयोग. "भरवसा ठेव, सगळं नीट होईल" हे त्याच जातीचं वाक्य होऊ शकतं, सोबत काही नसेल तर. मिस्टरांना आता काम लागलंय, पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, शिवणकाम चालूच ठेवलंय. यंदा हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या, रविवारी उपासनेनंतर लिलावात एका आजींनी परसातला भोपळा आणला होता, तो एकानं घेतला आणि परत दिला, दुसऱ्यानं घेतला, परत दिला, असं चार-पाच वेळा झालं आणि एका भोपळ्यावर चांगले पैसे जमले. महिला मंडळानं पाळक साहेबांशी बोलून ते पैसे वेगळे ठेवलेत, ज्याची नोकरी गेली त्या घराच्या किराण्यासाठी. कुणाला दिलं ते फक्त पाळकीणबाई आणि खजिनदार यांनाच माहीत असणार, अर्ज नाही, उभं राहून साक्ष द्यायची सक्ती नाही. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, साबण, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर औषधाचे पैसे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी घरगुती प्रार्थनेनंतर पिशव्या भरतो, या महिन्यात आमच्या घरी आहे, संध्याकाळी सातला.