क्षेत्र महाबळेश्वरातील झऱ्यांची एक फेरी

भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत साताऱ्याला असताना आमचा उन्हाळा बहुधा माण आणि खटाव तालुक्यांतील कोरड्या विहिरींच्या काठावर जात असे. त्यामुळे मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातून पाण्याची तक्रार आली, तेव्हा कार्यालयात तिच्याकडे प्रथम थोडे हसूनच पाहिले गेले. जिथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जिथून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्या निघतात असे आपण लहानपणापासून ऐकतो, तिथे पिण्याच्या पाण्याची ओरड व्हावी हे चमत्कारिकच होते. तक्रार क्षेत्र महाबळेश्वराच्या उतारावरील एका लहानशा वाडीची होती. पूर्वी पाऊस लागेपर्यंत टिकणारा तिथला झरा अलीकडे एप्रिल सरता सरताच आटू लागला होता.

झरा आटला म्हणून फक्त त्याच झऱ्यापाशी जाऊन उभे राहण्यात अर्थ नसतो. आजूबाजूचे झरे कोणत्या उंचीवर आहेत, ते कोणत्या खडकातून निघतात आणि ते अजून वाहतात का, हे आधी पाहावे लागते. क्षेत्र महाबळेश्वरात ही पाहणी पायी एका लहानशा वर्तुळात होऊ शकते: वाहनतळापासून महाबळेश्वराचे मंदिर, तिथून पंचगंगा, पुढे कृष्णाबाई, मग उतारावरची वाडी आणि माथ्याच्या बाजूने परत. सोबत सांगलीचा एक तरुण सहायक होता. त्याच्या पाठीवरील पिशवीत दहा लिटरची बादली, स्टॉपवॉच, दोन जागांची पातळी ताडून पाहण्याची हातातील लेव्हल, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता मोजण्याची उपकरणे असा आमचा सारा सरंजाम होता.

महाबळेश्वराच्या गाभाऱ्यातील पिंडी घडवलेली नाही. तो खडबडीत, खळगे असलेला नैसर्गिक पाषाण आहे आणि त्या खळग्यांत पाणी असते. याच क्षेत्री 6 जानेवारी 1665 रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची आणि सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली. देवळात आम्हाला मोजण्यासारखे काही नव्हते, म्हणून दर्शन घेऊन आम्ही लगेच पंचगंगेकडे वळलो.

पंचगंगेच्या देवळात मागच्या भिंतीलगत ओळीने सात मुखे आहेत. पाच नद्यांची पाच मुखे बारमाही मानली जातात. सहावे भागीरथीचे असून ते बारा वर्षांनी, तर सातवे सरस्वतीचे असून ते साठ वर्षांनी वाहते, अशी श्रद्धा आहे. या प्रवाहांचे पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडते आणि तिथून ते खालच्या कुंडात जाते. पुजारीकाकांची परवानगी घेऊन आम्ही खालच्या कुंडातून बाहेर पडणारे पाणी तपासले. विद्युतवाहकता अगदी कमी होती, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार नावापुरतेच होते, आणि सामू किंचित आम्लतेकडे झुकलेला होता. जांभ्यातून आलेले पाणी असेच असते. युगानुयुगे पावसाने धुऊन निघालेल्या त्या दगडात लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलेले असते, पाण्याला देण्यासारखे क्षार फारसे उरलेले नसतात. या पठारावर एकेकाळी धावड लोक याच जांभ्यातील लोह भट्टीत गाळून काढीत असत, हे साताऱ्यातही आता फार थोड्यांना ठाऊक आहे.

आमच्या सहायकाला कृष्णा ठाऊक होती ती सांगलीच्या आयर्विन पुलाची. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा त्याचे घर कित्येक दिवस पाण्यात होते. गोमुखाच्या बारीक धारेकडे तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, “सर, कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला. मग दोघी या एकाच तोंडातून कशा?” पुजारीकाका जवळच होते, म्हणून मी उत्तर जपून दिले. या कुंडातून वाहून जाणारे पाणी एकाच उताराला लागते आणि तो उतार कृष्णेच्या खोऱ्याचा आहे. परंतु हे पाणी ज्या जांभ्यात साठते त्याचे छप्पर सबंध पठारावर पसरलेले आहे. त्या छपरात मुरलेला पाऊस जिकडे कडा असेल तिकडे पाझरतो; पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा, दक्षिणेला कोयना, पश्चिमेला पोलादपूर-महाडकडे सावित्री. पाचही नद्यांचे पाणी एका ठिकाणचे, हे म्हणणे गोमुखापुरते पाहिले तर खटकते. सबंध पठार डोळ्यांसमोर आणले तर मात्र त्यात तथ्य आहे. काकांनी एवढेच म्हटले, “म्हणजे आम्ही सांगतो तेच की!” त्यावर वाद घालण्याचे मला काही कारण दिसले नाही.

पंचगंगेपासून काही मिनिटांच्या चालीवर, कड्याच्या काठाशी, कृष्णाबाईचे दगडी देऊळ आहे. बसने येणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोडे इथवर पोहोचतात. माझ्या मते संपूर्ण फेरीत पाहण्याजोगे ठिकाण हेच आहे. इथेही गोमुखातून पाणी कुंडात पडते, दगडांवर शेवाळ माजलेले असते आणि समोर कृष्णेचे खोरे धोम धरणाच्या दिशेने उघडत जाते. कृष्णाबाईचा झरा मेमध्येही व्यवस्थित वाहत होता. तिथून लेव्हल लावून पाहिले, तेव्हा वाडीचा कोरडा झरा साधारण त्याच पातळीत असल्याचे दिसले. पाऊस तोच, दगड तोच, उंचीही जवळपास तीच, आणि एक झरा वाहता तर दुसरा कोरडा. याचा अर्थ कारण वाडीच्या माथ्यावरच कुठेतरी असणार होते.

वाडीच्या झऱ्यापाशी एक आजी रिकामा हंडा टेकवून बसल्या होत्या. “पानी वरनंच यायचं बंद झालंय, साहेब. हितं बघून काय हुनार?” असे त्या म्हणाल्या, आणि आमच्या पाहणीचा निष्कर्ष त्यांनी आमच्या आधीच सांगून टाकला. झऱ्याच्या तोंडाशी खडकांची रचना स्वच्छ दिसत होती. वर सच्छिद्र जांभा आणि त्याखाली पिवळसर, घट्ट चिकणमाती होती. जांभ्यात मुरलेले पाणी या मातीवर येऊन अडते, तिच्यावरून सरकत कड्याकडे येते आणि जिथे या दोन थरांचा सांधा उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर पडते. सांध्याला हात लावला तर माती कोरडी होती.

माथ्याकडे चढताना स्ट्रॉबेरीचे वाफे ओलांडले की एक नवा भूखंड लागत होता. जागा सपाट करताना जेसीबीने उताराच्या कडेने एक खोल चर काढलेली होती. पावसाळ्यात आवारात पाणी तुंबू नये हा तिचा उद्देश होता. चरीत उतरल्यावर सहायकानेच प्रथम बोट दाखवले. दोन्ही भिंतींत जांभा संपून पिवळी माती सुरू होत होती आणि त्या रेषेवर मेच्या उन्हातही नेचे वाढलेले होते. लेव्हलने ती रेषा वाडीच्या झऱ्याहून किंचित वर भरली. तळाशी साचलेल्या थोड्याशा पाण्याची विद्युतवाहकता पंचगंगेच्या पाण्यासारखीच, अगदी कमी होती, म्हणजे ते गटाराचे सांडपाणी नव्हते. राखणदाराकडे चौकशी केली तेव्हा त्याने सांगितले की, पाऊस थांबल्यावरही ही चर संक्रांतीपर्यंत वाहते आणि ते पाणी रस्त्याच्या गटाराला जाते. वाडीच्या झऱ्याने मे अखेरपर्यंत थोडे थोडे द्यायचे पाणी चरीच्या वाटेने जानेवारीतच निघून जात होते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तरीही कोणी मजला चढवला तर चार लोकांच्या डोळ्यांवर येते, आणि चर किती खोल गेली हे विचारायला सहसा कोणी येत नाही, असा माझा अनुभव आहे. पवित्र म्हणून गोमुखाभोवती कठडे बांधले जातात, कुंडे धुतली जातात, फरशी बसते. ज्या जांभ्याच्या भरवशावर ते गोमुख वाहते, तो मात्र चिऱ्यांच्या किंवा सपाटीकरणाच्या नावाखाली कापला जातो.

अहवालात आम्ही झऱ्याच्या वरच्या अंगाला, ज्या पट्ट्यातून त्याला पाणी मिळते तो पट्टा नकाशावर आखून दिला आणि तिथे सांध्यापर्यंत पोहोचणारी खोदाई करू नये असे सुचवले. मग ग्रामपंचायतीत बैठक झाली. भूखंडाच्या मालकाची अडचणही खोटी नव्हती, कारण तिथल्या पावसात आवारातील पाणी काढून दिले नाही तर घरात शिरते. अखेर असे ठरले की चरीचा तळ चिकणमाती ठोकून सांध्याच्या वरपर्यंत बुजवायचा आणि पृष्ठभागावरील पाण्यासाठी फक्त जांभ्यातच राहील अशी उथळ नाली ठेवायची. काम मृगाच्या तोंडावर कसेबसे उरकले गेले. पुढच्या उन्हाळ्यात वाडीचा झरा मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. पूर्वीसारखा पाऊस लागेपर्यंत मात्र टिकला नाही, आणि उरलेली तूट शोधण्यासाठी माथ्यावरील इतर भूखंडांची पाहणी आम्हाला नव्याने हाती घ्यावी लागली.