लाल टोपी, केशरी टोपी

इन्सुलिन घरी सुरू करायचं म्हटलं की घरचे आधी विचारतात, दुखतं का? त्याहून महत्त्वाचं काय, ते बाटलीवर छापलेलं असतं.

मी मिरजेत नर्स आहे, राहायला तासगावकडे. डिस्चार्जच्या वेळी मी नातेवाइकांच्या हातात बाटली देते आणि तिच्यावरचा आकडा मोठ्यानं वाचून घेते. आपल्याकडे साध्या बाटलीत बहुधा एका मिलीला ४० युनिट असतात, काहींत १००. सिरिंजही वेगळी, तिच्यावरच्या रेघा त्या त्या बाटलीच्या हिशोबानं आखलेल्या. ४० ला लाल टोपीची, १०० ला केशरी.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची शुगर काही केल्या उतरेना. भात सोडला, चहा बिनसाखरेचा. मुलगा म्हणाला, "ताई, डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घेऊ का?" म्हटलं, आधी सिरिंज दाखव. केशरी निघाली! दुकानात लाल संपली होती म्हणून ही आणलेली. बाटली मात्र ४० ची. काकू २० च्या रेघेपर्यंत भरायच्या आणि अंगात जायचे जेमतेम ८ युनिट. तसाच डोस वाढवला असता आणि पुढं लाल सिरिंज मिळाली असती, तर? मला तर तेव्हा धडकीच भरली. उलटी चूक आणखी वाईट: १०० ची बाटली, लाल सिरिंज, २० ची रेघ म्हणजे थेट ५० युनिट. त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून दर वेळी नवीन बाटली, नवीन सिरिंज आली की आकडा जुळवा. दुकानदार घाईत असला तरी काउंटरवरच जुळवा.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. मुळातच दुधासारखं गढूळ येणारं इन्सुलिन असेल तर तळहातांत हळूच फिरवायचं, खळाखळा हलवायचं नाही.

आणि छाटणीच्या दिवसांत बागेत लवकर जायचं म्हणून इंजेक्शन घेऊन उपाशी निघू नका, हे मी हात जोडून सांगते. घाम फुटला, हात थरथरले, तर शुगर बघा. ७० च्या खाली असेल किंवा मशीन जवळ नसेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटल्यावर भाकरी खा. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.