जिव्हाळी

भोगीच्या भाजीसाठी मंडईत गेलेले आणि निघताना गाडीचं दार लावलं ते डाव्या हाताच्या मधल्या बोटावरच. दार लावणारी मीच, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी. घरी पोचेपर्यंत नख मुळाशी जांभळं, आणि रात्री असं ठसठसायला लागलं की हृदय छातीत आहे का बोटात तेच कळेना.

सकाळी डॉक्टरांनी तापवलेल्या सुईने नखाला बारीक भोक पाडलं. मी 'आई गं'ची तयारी करून डोळे मिटून बसलेले, आणि काहीच नाही! रक्ताचा थेंब बाहेर आला आणि ठणका गायब. नख म्हणजे मेलेल्या पेशींचं केराटिन, त्याला ना नस ना रक्त, सगळं दुखणं खालच्या मऊ मांसाचं. त्याच्याखाली चरबीची गादीही नसते, थेट हाडच, मग वर कडक झाकण आणि खाली हाड म्हटल्यावर मधलं रक्त जाणार कुठे.

त्या मांसाला इंग्रजीत नेल बेड म्हणतात, मला उगाच लॉजमधली कॉट आठवते. आपल्याकडे जिव्हाळी! नख खोल कापलं गेलं की आजी म्हणायची, "लागली ना जिव्हाळी?" जिव्हाळा त्याच घरातला शब्द आहे हे मला इतक्या वर्षांनी, बोट चेमटल्यावर सुचावं.

मग त्या डागाचा नादच लागला. नख तयार होतं मुळाशी, कातडीच्या आत. अंगठ्यावर पांढरा अर्धचंद्र दिसतो ना, ते त्या कारखान्याचं बाहेर डोकावणारं टोक, तिथे नव्या पेशी जुन्यांना पुढे रेटत राहतात, स्पीड महिन्याला साधारण ३ मिलिमीटर, पायाच्या नखांचा तर त्याच्याही निम्मा. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खुणा करून ३५ वर्षं ही वाढ मोजली, वय वाढत गेलं तशी ती मंदावली म्हणे. त्याच्यापुढे माझे पाच महिने काहीच नाहीत, पण होळीला डाग मधे आला हे मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

पालख्या पुण्यात आल्या तेव्हा तो टोकाला पोचलेला. संध्याकाळी नेलकटर काढलं तर आई ओरडली, "तिन्हीसांजेला नखं कापतेस?" म्हणून मग दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बसून कापलं. काळपट एवढासा तुकडा, आणि त्यात ते सुईचं भोक अजून तसंच.