मोहल्ल्यात हाफवे होम आलं तर

‘शेजारचा वाडा हाफवे होमला भाड्याने देतायत. होऊ द्यावं का?’ ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून हा प्रश्न नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते. हाफवे होम म्हणजे मानसिक आजाराच्या रुग्णालयातून सुटलेल्यांनी स्वतंत्र राहू लागण्याआधी काही काळ राहायचं घर. होऊ द्या. फक्त तिथे माणसं येणार कशी यापेक्षा तिथून बाहेर कशी पडणार, ते आधी विचारा.

मानसिक आरोग्यशाळा असलेल्या आपल्या ग्वाल्हेरला हा प्रश्न परका नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 19 सांगतं, की घरचे नाहीत किंवा नेत नाहीत एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मग त्याने जायचं कुठे? मधला मुक्काम हवाच.

तिथे शिकायचं असतं ते अगदी साधं: भाजी आणणं, बँकेत सही करणं, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेणं. गोळ्यांचं टप्प्याटप्प्याने होतं. आधी कर्मचारी हातावर ठेवतो, मग सात कप्प्यांची डबी येते आणि रोज कप्पा रिकामा झालाय का ते पाहतात, शेवटी राहणारा स्वतःच त्या दुकानातून आणतो. घाई केली की फसतं, कारण गोळ्या सोडल्यावर पहिले काही दिवस उलट बरंच वाटतं. आजार उलटतो तो पुढे काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. रात्र-रात्र जागणं, अंघोळ टाळणं ही आधीची खूण.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच ताप. लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं औषध वाढतं. जुलाब, उलट्या, हाताला जोराची थरथर, तोल जाणं दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथल्या स्वयंपाकिणीलाही हे माहीत असायला हवं.

तोटे आहेत, पण लोक घाबरतात ते नव्हेत. त्रास होतो तो बहुधा पानाच्या टपरीवर विडी मागत उभं राहण्याचा. खर्चाचे पैसे आठवड्याचे एकदम न देता रोज सकाळी थोडे दिले की तो बराच कमी होतो. खरा धोका आतल्यांनाच: दहा-बाराच्या जागी चाळीस माणसं कोंबली, रात्रीला जागता माणूस ठेवला नाही, फाटकाला कुलूप घातलं, की वाड्यात दुसरा वॉर्ड तयार होतो. मग कुणी बाहेर पडत नाही, आणि संस्थेलाही त्याची घाई उरत नाही.

म्हणून मालकाला सांगा, करार 11 महिन्यांचा नको, निदान तीन वर्षांचा करा. घर बदललं की बसलेली घडी मोडते. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा कागद पाहा. रात्री फोन कोण उचलतो ते विचारा, नंबर लिहून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 ही त्याच्याच खाली लिहा. कुणाचा आजार काय, ते मात्र विचारू नका. ते सांगायची त्यांना मुभा नाही.