आईचा डाएट चार्ट आणि आमचे तीन गुरुवार (माझा अनुभव)

आधी हे सांगते, घरात किडनीचा पेशंट असेल तर पोट साफ व्हायला भिजवलेले मनुके देऊ नका. आम्ही दिले. आईचं माहेर निफाडकडचं, मामाकडून दरवर्षी मनुक्यांची पिशवी येते आणि पोटाची तक्रार म्हटली की आमच्याकडे पहिला उपाय तोच. १०० ग्रॅम द्राक्षात पोटॅशियम साधारण १९० मिलिग्रॅम, तेच मनुक्यात ७०० च्या वर, आणि थकलेल्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आईच्या रक्तातलं पोटॅशियम वाढून ५.८ आलं तेव्हा कळलं.

आई ६६ वर्षांची, शुगर जुनी, किडनीचा चौथा टप्पा, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) २१, डायलिसिस अजून नाही. तपासण्या, सोनोग्राफी, नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) हे सगळं सुरळीत झालं, डॉक्टर खरंच चांगले आहेत. त्यांनी फाईलवर लिहिलं, आहारतज्ज्ञांना भेटा. तिथून पुढे आम्ही अडकलो.

डाएटची ओपीडी फक्त गुरुवारी. पहिल्या गुरुवारी इंदिरानगरहून सकाळी साडेआठला पोचलो, टोकन ४१, दोन तास बसलो आणि नंबर आल्यावर खिडकीवर म्हणाले वेगळी रेफरल चिठ्ठी लागते, फाईलवर लिहिलेलं चालत नाही. नेफ्रोची ओपीडी सोमवारी. म्हणजे सोमवारी चिठ्ठीसाठी अजून एक फेरी, त्या दिवशी माझी सुट्टी गेली. दुसऱ्या गुरुवारी आहारतज्ज्ञ मॅडम रजेवर, टोकन मात्र वाटत होते, साडेअकराला कुणीतरी येऊन सांगितलं. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती, मला म्हणाली, "अगं जाऊ दे, मी खाईन काहीतरी." मला तिथेच रडू आलं, कारण पाच दिवस तिचं पोट साफ नव्हतं, तोंडाला चव नाही, मळमळ, आणि त्या अख्ख्या इमारतीत हे ऐकून घेणारं एक माणूस सापडत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी चार मिनिटं मिळाली. हातात झेरॉक्स. वजनाची जागा कोरी, पालेभाजी बंद, फळं बंद, डाळ कमी, पाणी १ लिटर. मी म्हटलं मॅडम, शौचालाच होत नाहीये, तर म्हणाल्या ते पोटाच्या डॉक्टरांना विचारा. पोटाच्या ओपीडीत म्हणाले किडनीचा पेशंट आहे, किडनीवाल्यांना विचारा. दोन्ही खिडक्या एकाच मजल्यावर आहेत हो!

आईला बाकावर बसवून मी वहीच्या पानावर सगळं लिहून काढलं: वजन ५४ किलो, पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), महिन्यात कितीदा पोट साफ झालं, सगळ्या गोळ्या वेळेसकट, घरी सकाळपासून काय काय खाते. दोन वाजता गर्दी ओसरल्यावर परत त्याच टेबलाशी गेले. मॅडमनी कागद पूर्ण वाचला, आईला खुर्ची दिली आणि चांगली २५ मिनिटं समजावलं. राग सकाळच्या व्यवस्थेवर आहे, त्यांच्यावर नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या आतड्यातल्या जंतूंना कोंडा, चोथा मिळाला नाही आणि मळ तिथेच पडून राहिला की ते न पचलेल्या प्रोटीनवर तुटून पडतात. प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकाचं इंडोल होतं, लिव्हरमध्ये जाऊन त्याचं इंडॉक्सिल सल्फेट. टायरोसिन या दुसऱ्या घटकापासून तसंच पी-क्रेसिल सल्फेट. चांगली किडनी ही घाण लघवीवाटे टाकते, आईची टाकू शकत नाही, मग रक्तात साठते. ती अल्ब्युमिनला घट्ट चिकटून असते म्हणून डायलिसिसमध्येही युरियासारखी सहज निघत नाही, आणि हृदयाला, रक्तवाहिन्यांना, उरलेल्या किडनीलाही ती त्रासदायक मानली जाते. शिवाय किडनी थकली की थोडं जास्तीचं पोटॅशियम आतड्यावाटे बाहेर जातं, पोटच अडलं तर तीही वाट बंद. म्हणजे ज्याला आम्ही तीन आठवडे किरकोळ तक्रार समजून गप्प बसवत होतो ते थेट किडनीचंच काम होतं!

मी लॅबमध्ये इंडॉक्सिल सल्फेटची टेस्ट विचारून आले होते, ती नेहमीच्या तपासणीत नसते, त्यामागे पैसे आणि वेळ घालवू नका. जपानमध्ये हे विष आतड्यातच शोषून घेणारं कोळशाचं औषध १९९१ पासून वापरतात असं वाचलं, तेही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले मोठ्या चाचण्यांमध्ये त्याने किडनीचा ऱ्हास थांबल्याचं दिसलं नाही. दुकानातला कोळसा आणून खाऊ नका, बाकीची औषधंही तो शोषून घेतो.

नवा चार्ट आईच्या वजनावर बेतलेला आहे. भाज्या दुधी, दोडका, कोबी, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकायचं. फळ रोज एकच, सफरचंद किंवा मोजून आठ-दहा द्राक्षं. (द्राक्षं परत मिळाली म्हणून आई इतकी खूष झाली की मॅडम हसल्या.) डाळ बंद नाही, मापात. पोट साफ होण्यासाठी लॅक्टुलोज हे औषध नेफ्रॉलॉजिस्टनी लिहून दिलं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही पोट धरतं म्हणून त्यांच्या वेळा बदलल्या. हा चार्ट आईचा आहे, उचलून तुमच्या घरी लावू नका, तुमचे आकडे घेऊन जा.

महिन्याने पोटॅशियम ४.९ आलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) तेवढंच आहे, पण मळमळ गेली आणि ती परत भाकरी मागून खाते. पोट साफ झालं की स्वतः कॅलेंडरवर टिकमार्क करते, आणि सोमवारी मी त्या पानाचा फोटो डॉक्टरांना दाखवते, आता ते आधी तेच बघतात.

हो, एक राहिलं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणू नका, थकलेल्या किडनीत मॅग्नेशियम साठतं. आणि कमी सोडियमवालं मीठ घरात असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. आमच्या डब्यात तेच होतं.