दिव्यांच्या अवसेला उलुरूपाशी

मेलबर्नहून ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी वाळवंटात असलेल्या उलुरू या प्रचंड खडकापाशी जाण्याचे दिवस ठरवताना मला एवढेच हवे होते की त्या रात्री आकाशात चंद्र नसावा. त्याप्रमाणे मी 17 जुलै 2023 ही तारीख काढली, आणि ती आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस असल्याचे नाशिकहून आलेल्या आईने दिनदर्शिका पाहून सांगितले. एरवी त्या दिवशी ती घरातल्या समया आणि निरांजने चिंचेने घासून पाटावर मांडते व त्यांची पूजा करते. या खेपेला तिने एक लहान निरांजन सामानात घेतले, परंतु हॉटेलच्या खोलीत धुराची सूचना देणारे यंत्र असल्यामुळे ते न पेटवताच टेबलावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहावे लागले.

अंधार पडल्यावर आम्ही युलारा वस्तीजवळच्या वाळवंटात ब्रूस मन्रो या ब्रिटिश कलावंताची ‘फील्ड ऑफ लाइट’ ही मांडणी पाहायला गेलो. बारीक देठांवर बसवलेले दुधी काचेचे 50,000 गोळे लाल मातीत दूरवर रोवलेले आहेत. ही कल्पना मन्रो यांना 1992 मध्ये याच परिसरात फिरताना सुचली; प्रत्यक्षात मात्र ती आधी इंग्लंडमध्ये साकार झाली आणि उलुरूपाशी यायला 2016 साल उजाडले. वर्षभरच राहायची असलेली ही मांडणी पुढे मुदतवाढ मिळत टिकून राहिली. या भूमीचे मूळ धनी असलेल्या आनंगू लोकांच्या पिचंचाचारा भाषेत तिचे नाव ‘तिली विरू जुटा न्याकुजाकु’ असे आहे, आणि त्याचा अर्थ ‘पुष्कळ सुंदर दिवे पाहणे’ असा होतो. मला हे नाव इंग्रजी नावापेक्षा अधिक आवडले, कारण त्यात पाहणाराही आहे.

खरे सांगायचे तर उंचवट्यावरून पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. छायाचित्रांतले रंग झगझगीत असतात आणि इथे तर जेमतेम उजेड होता. चूक माझीच होती, कारण बसमधून उतरेपर्यंत मी मोबाइलच्या पडद्याकडे पाहत होते. पंधरा-वीस मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले, तेव्हा जांभळा, निळा, गेरूसारखा तांबडा आणि मधूनच पांढरा असे रंग एकमेकांत इतके सावकाश मिसळताना दिसू लागले की बदल नेमका केव्हा झाला हे सांगता येऊ नये. भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो होतो तेव्हा गाड्यांच्या दिव्यांनी सगळा विरस केला होता, त्याची आठवण झाली. इथेही कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली आणि तिच्या भोवतालचे शेकडो गोळे क्षणात विझल्यासारखे झाले.

पायवाटेने गोळ्यांच्या मधून जाताना आईने विचारले, “अगं, पण एवढ्यांना तेल घालतं कोण?” तिला गंमत करायची होती, तरी मी गंभीरपणे सांगितले की उन्हावर भारलेल्या विजेवर चालणारे दिवे मोजक्या ठिकाणी आहेत आणि त्यांचा उजेड केसासारख्या तंतूंमधून प्रत्येक गोळ्यापर्यंत पोचवला जातो, गोळ्यात स्वतःची अशी ज्योत नाहीच. “म्हणजे एका दिव्यावरून दुसरा लावल्यासारखं,” ती म्हणाली. मला ते पुरते पटले नाही, कारण लावलेला दिवा पहिला विझला तरी जळत राहतो, पण मी वाद घातला नाही.

नऊ वाजून गेले होते. नाशिकच्या गच्चीवरून दक्षिणेला अर्ध्या आकाशात दिसणारी ज्येष्ठा इथे जवळजवळ थेट डोक्यावर आली होती, आणि जिथे एकही चांदणी दिसत नव्हती तो काळा आडवा तुकडा म्हणजे उलुरू, हे आईला हात धरून दाखवावे लागले.

खोलीवर परतल्यावर मेलबर्नहून डब्यातून आणलेले, गूळ घालून उकडलेले कणकेचे दिवे गरम केले. तूप मात्र घरीच राहिले होते, आणि त्यावरून आई मला अजूनही बोलते.