रिंगवर चार टप्पे

टोरांटोहून परतलेल्या माणसाने नायगाराबद्दल सांगावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. नायगारा मीही पाहिला. तो प्रचंड आहे आणि तिथली गर्दीही तशीच प्रचंड आहे, एवढे सांगून मी १२ मे २०१९ च्या संध्याकाळकडे वळतो, कारण त्या प्रवासातले मनात राहिले आहे ते तेवढेच.

टोरांटो रॅप्टर्स आणि फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स यांच्यातली एनबीए या बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मालिका ३-३ अशी बरोबरीत होती आणि निर्णायक सातवा सामना टोरांटोत होता. भाच्याकडे दोन तिकिटे होती आणि त्यातले एक त्याने मला दिले. तो दिवस नेमका मदर्स डेचा असल्यामुळे, "आईला घरी ठेवून मामाला मॅच दाखवणारा मुलगा," अशी पदवी ताईने त्याला दुपारीच बहाल करून टाकली होती.

टोरांटोशेजारच्या मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिट स्थानकावरून गो ट्रेन ही लोकल पकडून युनियन स्टेशनला उतरले, की सामन्याचे बंदिस्त स्टेडियम, स्कोशियाबँक अरीना, अगदी लागूनच आहे. डबाभर लाल जर्सी होत्या, पण उत्साहापेक्षा धास्तीच जास्त दिसत होती. तिचे कारण भाच्याने वाटेत सांगितले. २० मे २००१ रोजी याच फिलाडेल्फियाविरुद्ध याच टप्प्यावरच्या सातव्या सामन्यात टोरांटोच्या विन्स कार्टरचा शेवटचा शॉट हुकला आणि टोरांटो ८८-८७ असे हरले. कार्टर त्या दिवशी सकाळी आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला जाऊन आला होता, आणि या शहराने ती गोष्ट अठरा वर्षे जपून ठेवली होती.

आमच्या जागा इतक्या वर होत्या, की खेळाडूंचे चेहरे ओळखण्यासाठी मोठ्या पडद्याकडेच पाहावे लागत होते, आणि पुढच्या खुर्चीला गुडघे टेकत होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आवाजाची. आपल्याकडे क्लबांच्या उघड्या मैदानांवर सामने पाहत मी मोठा झालो. तिथे चेंडूचा टप्पा, पंचांची शिट्टी आणि कोपऱ्यातून कोणीतरी मारलेली हाक एवढेच ऐकू येते. इथे खेळ सुरू असतानाही ध्वनिक्षेपक गर्जत असतात, पडदा "ओरडा" म्हणून आज्ञा देतो आणि हजारो माणसे आज्ञाधारकपणे ओरडतात. प्रेक्षकांना आनंद कधी होतो हे त्यांचे त्यांना कळत नाही, असे संयोजकांनी ठरवूनच टाकलेले दिसले.

खेळही देखणा नव्हता. पहिल्या क्वार्टरमध्ये दोघांपैकी एकाही संघाला वीस गुण गाठता आले नाहीत. टोरांटोचा सारा भार कवाय लेनर्डवर होता. त्याने त्या रात्री ३९ शॉट घेतले, त्यांतले १६ पडले आणि त्याचे एकूण ४१ गुण झाले. शेवटी शेवटी टोरांटो ९०-८८ असे पुढे असताना त्याचाच दुसरा फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट, हुकला, फिलाडेल्फियाच्या जिमी बटलरने सारे मैदान पळत पार करून बास्केट केली आणि ९०-९० अशी बरोबरी झाली. घड्याळात ४.२ सेकंद उरले होते.

टोरांटोच्या मार्क गॅसोलने बाहेरून चेंडू दिला. लेनर्ड उजव्या कोपऱ्याकडे धावत सुटला आणि फिलाडेल्फियाचा सात फुटी जोएल एम्बीड हात उंचावून त्याच्या अंगावर आला. त्या हातांवरून न्यायचा म्हणून लेनर्डने चेंडू नेहमीपेक्षा बराच उंच फेकला. भोंगा वाजला, बोर्डाभोवतीचे लाल दिवे लागले, वेळ संपली, आणि चेंडू अजून हवेतच होता. तो रिंगच्या अलीकडच्या कडेवर पडून वर उडाला, पुन्हा त्याच कडेवर आपटला, मग पलीकडच्या कडेवर दोन टप्पे घेतले. भोंगा थांबल्यानंतरच्या त्या क्षणात ध्वनिक्षेपक मुके होते आणि काय करावे हे पडद्यालाही सुचत नव्हते. वीस हजारांच्या आसपास माणसे कोणी न सांगता गप्प झाली होती. संध्याकाळभर कान किटवणारी ती इमारत मला तेवढ्यापुरती आमच्या क्लबासारखी वाटली. लेनर्ड कोपऱ्यात उकिडवा बसून वर पाहत होता.

चौथ्या टप्प्यानंतर चेंडू आत पडला. ९२-९०. एनबीएच्या इतिहासात भोंग्याबरोबरच्या शॉटने सातवा सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. शेजारच्या अनोळखी सरदारजींनी मला इतके घट्ट आवळले, की माझा चष्मा त्यांच्या खांद्यावर अडकला. एरवी चेहऱ्यावरची रेषही न हलू देणारा लेनर्ड तोंड उघडून ओरडत होता, एवढे मात्र आमच्या उंचीवरूनही पडद्याविना कळत होते.

परतीची गाडी खचाखच भरली होती. ताई जागीच होती. "तुम्ही एकदाच पाहिलंत, टीव्हीवर मी पंधरा वेळा पाहिलं," असे सुनावत तिने ताटे घेतली. पुढे जूनमध्ये रॅप्टर्सनी गोल्डन स्टेटला हरवून अजिंक्यपद पटकावले, तेव्हा मी घरी परतलो होतो. आणि जुलैत लेनर्ड लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे निघून गेला. भाचा त्याबद्दल एक अक्षरही वाकडे बोलू देत नाही. ताई मात्र म्हणते, की माणसाने निदान वर्षभर तरी थांबायला हवे होते.